राइट-क्लिकच्या मेनूत रोजची कामे कशी आणावीत? जुन्या अंकांच्या स्कॅनिंगसाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न
वाचनालयसेविका

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात सहायक म्हणून काम करते. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा मोठा संग्रह आहे, पण त्यांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कडा तुटून हातात येतात. म्हणून कार्यकारिणीने हे सर्व अंक स्कॅन करून ठेवण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. संगणकावर विंडोज ११ आहे आणि स्कॅनर बरा आहे, त्यामुळे स्कॅन करण्याची अडचण नाही. वेळ जातो तो स्कॅन झाल्यानंतरच्या कामात.

एका दिवसात साधारण एक अंक, म्हणजे सुमारे १६० पाने होतात. स्कॅनर प्रत्येक पानाला तारीख आणि वेळेचा एक लांबलचक आकडा नाव म्हणून देतो. त्या अंकासाठी मला फोल्डर करावे लागते, त्यात मूळ पाने, लहान प्रती आणि पीडीएफ यांसाठी तीन उपफोल्डर करावे लागतात, प्रत्येक पानाला वर्ष व पृष्ठक्रमांक असलेले नाव द्यावे लागते, वाचकांना दाखवण्यासाठी लहान आकाराच्या प्रती काढाव्या लागतात, सर्व पानांची एक पीडीएफ करावी लागते, ते सारे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे लागते आणि शेवटी ती फाइल कोठे ठेवली आहे ते एक्सेलमधील दाखल नोंदवहीत लिहावे लागते. ही कामे मी निरनिराळे प्रोग्रॅम उघडून करते. त्यात रोज दीड तास सहज जातो आणि थकल्यावर चुका होतात. मागच्या महिन्यात एका अंकाची ८ पाने दुसऱ्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये गेली होती आणि ती शोधण्यात एक सकाळ गेली.

यांपैकी बरीच कामे फाइलवर राइट-क्लिक करून तेथूनच करता येतात असे ऐकले, म्हणून प्रयत्न केला; पण चार ठिकाणी अडले आहे. एक म्हणजे आमचा मेनू आधीच फार लांब आहे आणि राइट-क्लिक केल्यावर तो उघडायला तीन-चार सेकंद लागतात. दुसरे म्हणजे मला हवी असलेली ओळ बहुतेक वेळा ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेली असते. तिसरी गोष्ट मला मुळीच उलगडलेली नाही: दहा-बारा पाने निवडली तर एखादी ओळ दिसते, पण संपूर्ण अंक निवडला की तीच ओळ मेनूतून नाहीशी होते. चौथी अडचण भाषेची आहे. संध्याकाळी मदतीला शाळकरी मुले येतात आणि त्यांच्यासाठी मेनूतील शब्द मराठीत असावेत असे मला मनापासून वाटते. एका मुलाने रजिस्ट्रीची (म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग ज्या साठ्यात ठेवते त्याची) फाइल करून मराठी नाव देऊन पाहिले, पण मेनूत अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटली.

मी संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही, परंतु पायरीपायरीने सांगितल्यास नीट करू शकेन. कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १
कार्यालयीन_संगणक

ताई, तुमचा प्रश्न फार नेमका आहे आणि चारही अडचणींना कारणे आहेत. मी अनेक वर्षे छोट्या कार्यालयांतील संगणकांची देखभाल करतो. माझा अनुभव असा आहे की लोक मेनूत नवीन ओळी घालण्यापासून सुरुवात करतात, तर सुरुवात जुन्या ओळी काढण्यापासून करायला हवी. तेव्हा आधी तुमच्या तीन-चार सेकंदांविषयी लिहितो.

मेनूतील ओळी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रजिस्ट्रीत केवळ एक नाव आणि एक आज्ञा लिहिलेली असते. विंडोज ती वाचते आणि ओळ दाखवते, तिला वेळ लागत नाही. दुसऱ्या प्रकाराला शेल एक्स्टेंशन म्हणतात. हा त्या त्या प्रोग्रॅमचा एक लहान भाग असतो आणि तो फाइल एक्सप्लोररच्या आत जाऊन बसतो. तुम्ही राइट-क्लिक केले की एक्सप्लोरर अशा प्रत्येक भागाला विचारतो की या फाइलसाठी तुला कोणती ओळ दाखवायची आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. एखादा भाग जुना असेल, इंटरनेटवर काही शोधत असेल किंवा त्याचा मूळ प्रोग्रॅम अर्धवट काढलेला असेल, तर सगळा मेनू त्याच्यासाठी खोळंबतो. क्वचित तो भाग कोसळला तर एक्सप्लोररही त्याच्याबरोबर बंद पडतो.

हे शोधण्यासाठी निरसॉफ्टचे ‘शेल-एक्स-व्ह्यू’ नावाचे छोटे मोफत साधन आहे. तुमचा संगणक ६४ बिटचा असेल तर साधनही ६४ बिटचेच घ्यावे, नाहीतर यादी अपुरी दिसते. त्यात मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांनी बसवलेले भाग गुलाबी रंगात दिसतात आणि तुमचे लक्ष फक्त त्यांच्यावर असावे. पांढऱ्या ओळींना हात लावू नका. गुलाबी ओळींपैकी निम्म्या निवडून एफ७ कळ दाबली की त्या निष्क्रिय होतात. मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करून मेनू उघडून पाहा. वेग सुधारला तर दोषी त्या निम्म्यांत आहे, न सुधारल्यास उरलेल्यांत आहे. असे अर्धे-अर्धे करत गेलात की वीस ओळींतूनही चार-पाच फेऱ्यांत नेमकी ओळ सापडते. निष्क्रिय केलेली ओळ एफ८ने परत येते, काहीही पुसले जात नाही, म्हणून निर्धास्तपणे करा. मी एका कार्यालयात नेमका असाच त्रास पाहिला होता. तेथे दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या एका पीडीएफ प्रोग्रॅमचा भाग मागे राहिला होता आणि बारा जण रोज त्याची वाट पाहत बसत होते.

आता ‘शो मोअर ऑप्शन्स’विषयी. ऑक्टोबर २०२१मध्ये विंडोज ११ आले तेव्हा मेनूचे दोन थर झाले. वरच्या थरात जागा मिळवण्यासाठी प्रोग्रॅमला नव्या पद्धतीने स्वतःची नोंद करावी लागते, आणि ज्यांनी तशी केलेली नाही ते सर्व खालच्या, जुन्या थरात जातात. रजिस्ट्रीत हाताने लिहिलेल्या ओळीही त्याच जुन्या थरात दिसतात. तेथे थेट जाण्यासाठी फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबावे, किंवा शिफ्ट धरून राइट-क्लिक करावे. ही सवय आठवडाभरात हाताला लागते.

तुमच्या कामांपैकी तीन कामे मात्र वरच्याच थरात आणता येतील. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरटॉइज’ हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन बसवा. त्याच्या सेटिंगमध्ये अनेक साधने दिसतील, त्यांतील तुम्हाला हवीत ती तीनच चालू ठेवा, बाकीची बंद करा, म्हणजे मेनू पुन्हा फुगणार नाही.

पहिले ‘न्यू प्लस’. याचे एक नमुन्यांचे फोल्डर असते. त्यात तुम्ही एकदाच ‘नवीन अंक’ नावाचे फोल्डर करा आणि त्याच्या आत तुमचे तिन्ही उपफोल्डर ठेवा. पुढे कोठेही रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘न्यू प्लस’मधून ‘नवीन अंक’ निवडला की तो सारा साचा जसाच्या तसा तयार होतो. नमुन्याला दिलेले मराठी नावच मेनूत दिसते.

दुसरे ‘पॉवररीनेम’. १६० पाने निवडून यात गेलात की डावीकडे जुनी आणि उजवीकडे नवी नावे बदल करण्यापूर्वीच दिसतात, आणि तुमच्यासारख्या कामात ही आधी दिसणारी यादीच सर्वांत मोलाची आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनची (म्हणजे नावातील अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याच्या सोयीची) खूण चालू करून आणि मोजणीची सोय वापरून क्रमांक आपोआप घालता येतात व ते तीन अंकी ठेवता येतात, म्हणजे १, २, ३ ऐवजी ००१, ००२, ००३. बदल केवळ नावाला लागू करा, फाइलच्या प्रकाराला नको, एवढे पाहा. चूक झालीच तर एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-झेड दाबून नावे पूर्ववत होतात.

तिसरे ‘इमेज रीसायझर’. यात आधीपासून दिलेले आकार काढून टाकून ‘वाचकांसाठी’ नावाचा एकच आकार तयार करा. रुंदी द्या आणि उंची रिकामी सोडा, म्हणजे पानाचे प्रमाण बिघडत नाही. मूळ चित्राचाच आकार बदलण्याची एक चौकट तेथे असते, तिच्यावर कधीही खूण करू नका. तुमच्या ठिसूळ अंकाचे पान पुन्हा स्कॅन करता येईलच अशी खात्री नाही, म्हणून हे आवर्जून लिहितो.

नोंदवहीसाठी वेगळे साधन लागत नाही. फाइली निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबले की त्यांचे संपूर्ण मार्ग कॉपी होतात. अनेक फाइली असतील तर प्रत्येक मार्ग वेगळ्या ओळीवर येतो, त्यामुळे एक्सेलमध्ये ते एकाखाली एक बसतात. मेनूत हीच ओळ ‘कॉपी अॅज पाथ’ नावाने आहे.


उत्तर २
अक्षरजुळणी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात पीडीएफ आणि हार्ड डिस्क ही दोन कामे राहिली आहेत, ती मी माझ्या अनुभवावरून सांगते. माझे काम डीटीपीचे आहे, आणि पुस्तकाची शेकडो पाने एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात पाठवणे हे माझे रोजचेच आहे.

‘सेंड टू’ ही ओळ विंडोज ९५पासून आहे आणि तिचा पुरेसा उपयोग करून घेणारे मला फार थोडे भेटले आहेत. ती म्हणजे एक साधे फोल्डर आहे. विंडोजची कळ आणि आर दाबून आलेल्या चौकटीत ‘शेल’, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि लगेच ‘सेंडटू’ असे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. ते फोल्डर उघडेल. त्यात ज्याचा शॉर्टकट ठेवाल ते मेनूत दिसेल, जे काढाल ते जाईल. फॅक्स आणि ईमेलच्या ज्या ओळी तुम्ही कधी वापरत नाही त्या आजच काढून टाका. हार्ड डिस्कवरील फोल्डरचा शॉर्टकट करून येथे ठेवा.

तुमच्या चौथ्या अडचणीचे उत्तरही येथेच आहे. सेंड टूमध्ये शॉर्टकटचे नाव हेच मेनूतील नाव असते. एफ२ दाबून त्याला ‘हार्ड डिस्कवर प्रत ठेवा’ असे सरळ मराठीत नाव द्या, मुलांना तसेच दिसेल. रजिस्ट्रीची गरजच नाही. मी नावाच्या आधी क्रमांक घालते, म्हणजे ओळी कामाच्या क्रमाने लागतात. एक काळजी घ्या. सेंड टूने फोल्डरकडे पाठवणे हे माउसने ओढून टाकण्यासारखेच असते, त्यामुळे प्रत करायची की हलवायचे हे प्रसंगानुसार ठरू शकते. ओळ निवडताना कंट्रोल धरून ठेवली की प्रतच होते आणि शिफ्ट धरली की फाइल हलवली जाते. मुलांना कंट्रोलची सवय लावा आणि पहिल्यांदा एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोल्डरवर करून पाहा.

आता तुमचे तिसरे कोडे. रजिस्ट्रीतून आलेल्या साध्या ओळींना विंडोजने १५ फाइलींची मर्यादा घातलेली आहे. सोळावी फाइल निवडली की ती ओळ दिसेनाशी होते. त्यामागे कारण आहे: अशी ओळ बहुतेक वेळा प्रत्येक फाइलसाठी प्रोग्रॅम एकदा सुरू करते, म्हणजे १६० पाने निवडल्यास तो १६० वेळा उघडेल आणि संगणक गुदमरेल. ही मर्यादा रजिस्ट्रीतून वाढवता येते, पण तुमच्या कामासाठी वाढवू नका, कारण तुम्हाला १६० वेळा चालणारी आज्ञा नको आहे. सर्व पाने एकत्र घेऊन एकदा चालणारी हवी आहे.

सेंड टू निवडलेल्या सर्व फाइलींची नावे एकाच वेळी प्रोग्रॅमला देते, म्हणून एकत्र पीडीएफ करण्यासाठी ती योग्य वाटते. मीही तसेच केले आणि दोनदा फसले. पहिल्यांदा पृष्ठे उलटसुलट लागली, कारण ज्या फाइलवर आपण राइट-क्लिक करतो तिचे नाव यादीत सर्वांत आधी जाते. मी शेवटच्या पानावर क्लिक केले होते आणि पुस्तकाचे शेवटचे पान मुखपृष्ठाच्या आधी आले. दुसऱ्यांदा आज्ञाच चालली नाही, कारण बॅच फाइलला (म्हणजे एकामागून एक चालवायच्या आज्ञा लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलला) मिळणारी ओळ ८,१९१ अक्षरांहून लांब असू शकत नाही आणि दीडशे फाइलींचे पूर्ण मार्ग मिळून ती सहज ओलांडली जाते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. निवडलेली पाने पाठवण्याऐवजी ती ज्या फोल्डरमध्ये आहेत ते एकच फोल्डर पाठवते. बॅच फाइलमध्ये लिहिलेली आज्ञा त्या फोल्डरमधील पाने नावाच्या क्रमाने घेते आणि त्यांची पीडीएफ करते. लांबीचा प्रश्न संपतो, क्रमही बिघडत नाही, आणि तीन अंकी क्रमांकांचा खरा उपयोग येथे होतो, कारण पुष्कळ साधने ‘१०’ला ‘२’च्या आधी लावतात. जेपीईजी पानांची पीडीएफ करण्यासाठी मी ‘आयएमजी-टू-पीडीएफ’ वापरते. ते चित्र पुन्हा दाबत नाही, जसे आहे तसेच पीडीएफमध्ये बसवते, त्यामुळे अक्षरांच्या कडा खराब होत नाहीत. बॅच फाइल लिहिताना फोल्डरच्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्ह असलेच पाहिजे, नाहीतर नावात एक मोकळी जागा आली तरी आज्ञा अर्ध्यावर तुटते.


वाचनालयसेविका

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज दुपारी शेल-एक्स-व्ह्यू चालवले. १४ गुलाबी ओळी होत्या. चौथ्या फेरीत कारण सापडले: एका जुन्या झिप प्रोग्रॅमचा भाग, जो आम्ही कोणीच वापरत नाही. तो निष्क्रिय केल्यावर मेनू लगेच उघडतो. हे इतके दिवस सहन करत बसले याचे वाईट वाटले.

न्यू प्लसमध्ये ‘नवीन अंक’ तयार केला आहे. पॉवररीनेमची आधी दिसणारी यादी पाहून तर फारच धीर आला, कारण नाव बदलताना माझा हात नेहमी कापायचा.

आता दोन शंका आहेत. कार्यकारिणीतील एका सदस्यांचे म्हणणे आहे की रजिस्ट्रीत एक नोंद घातली की विंडोज ११चा संपूर्ण जुना मेनू थेट परत येतो, तर तेच करावे. हे योग्य आहे का? आणि पीडीएफची ओळ सेंड टूच्या आत न ठेवता थेट मेनूत आणायची असेल, तर त्या मुलाचे नेमके काय चुकले होते?


उत्तर ३
नोंदवाचक

तुमच्या सदस्यांचे म्हणणे खरे आहे. ती नोंद रजिस्ट्रीतील चालू वापरकर्त्याच्या (‘एचकी करंट यूजर’) शाखेत जाते, तिला प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत आणि ती पुसली की नवा मेनू परत येतो. तरीही तुमच्या बाबतीत मी ती सुचवणार नाही. एकतर ज्या तीन साधनांवर तुमचे निम्म्याहून अधिक काम आले आहे ती नव्या मेनूत वरच दिसतात, त्यामुळे जुना मेनू आणून तुमचा लाभ थोडा आणि पसारा मोठा. दुसरे म्हणजे त्या नोंदीत ३२ अंक-अक्षरांची एक ओळख लिहावी लागते, तिच्यात एक अक्षर चुकले तरी काहीच घडत नाही आणि माणूस चूक शोधत बसतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: हा मायक्रोसॉफ्टने वापरकर्त्यांसाठी दिलेला अधिकृत पर्याय नाही, म्हणून पुढच्या एखाद्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर तो तसाच चालेल असे गृहीत धरून वाचनालयाची पद्धत बसवू नये. उद्या तुमच्या जागी दुसरे कोणी आले तर त्यांना मेनू असा का दिसतो हे कळणारही नाही. शिफ्ट धरून राइट-क्लिक करणे हे मात्र कोणालाही एका मिनिटात शिकवता येते.

पीडीएफची ओळ थेट मेनूत आणण्याविषयी. त्या मुलाची कल्पना बरोबर होती, फाइल साठवण्याची पद्धत चुकली असावी. रजिस्ट्रीच्या फाइलमध्ये देवनागरी मजकूर असेल तर नोटपॅडमध्ये साठवताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) म्हणून यूटीएफ-१६ एलई निवडावे लागते. नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८मध्ये साठवते आणि रजिस्ट्री एडिटर ती बाइट्स जुन्या पद्धतीने वाचतो, म्हणून ‘पीडीएफ करा’च्या जागी चिन्हे दिसतात. फाइल करायची नसेल तर रजिस्ट्री एडिटर उघडून तेथेच मराठीत टाइप करा. मग हा प्रश्न उद्भवत नाही.

ओळ फाइलसाठी न करता फोल्डरसाठी करा, कारण अक्षरजुळणीताईंनी सांगितलेली फोल्डर पाठवण्याची पद्धतच येथेही योग्य आहे. चालू वापरकर्त्याच्या शाखेत ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘क्लासेस’, त्यात ‘डिरेक्टरी’, त्यात ‘शेल’ अशा क्रमाने जा आणि तेथे स्वतःची एक ‘की’ (रजिस्ट्रीतील फोल्डरसारखा कप्पा) तयार करा. त्या कीचे अंतर्गत नाव इंग्रजीत ठेवा आणि तिच्या डिफॉल्ट मूल्यात मेनूत दिसणारे मराठी नाव लिहा. तिच्या आत ‘कमांड’ नावाची की करून तिच्या डिफॉल्ट मूल्यात बॅच फाइलचा पूर्ण मार्ग लिहा आणि त्यापुढे टक्केचिन्ह व इंग्रजी एक हा अंक, दोन्ही मिळून दुहेरी अवतरणात. निवडलेल्या फोल्डरचा मार्ग तेथे आपोआप भरला जातो. एवढीच रचना आहे. ‘शेल’वर उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट करण्याचे काम बदलाच्या आधी करा, मागाहून नव्हे, ती फाइल हार्ड डिस्कवरही ठेवा.

आणखी एक सोय माहीत असावी. त्याच कीमध्ये ‘एक्स्टेंडेड’ नावाचे रिकामे स्ट्रिंग मूल्य ठेवले की ती ओळ फक्त शिफ्ट धरून राइट-क्लिक केल्यावर दिसते. ज्या आज्ञेने फाइल बदलते, हलते किंवा पुसली जाते, ती मी नेहमी अशी शिफ्टमागे ठेवतो. मुले संध्याकाळी घाईत असतात आणि मेनूत शेजारच्या ओळीवर बोट पडणे ही अगदी साधी चूक आहे. पुसण्याची ओळ मात्र राइट-क्लिकमध्ये वेगळी घालूच नका.


उत्तर ४
उबुंटूवापरकर्ता

तुमचा संगणक विंडोजचा आहे हे वाचले, पण वाचनालयात एखादा जुना संगणक पडून असेल तर तो या कामी येईल, म्हणून लिहितो. आमच्या शाळेत मी उबुंटूवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीवर) असेच स्कॅनिंग करतो. तेथे गृहफोल्डरच्या आत फाइल्स या प्रोग्रॅमचे ‘स्क्रिप्ट्स’ नावाचे एक लपलेले फोल्डर असते. त्यात लहानशी स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी दिली की राइट-क्लिकमध्ये ‘स्क्रिप्ट्स’च्या आत ती दिसते, आणि येथेही फाइलचे मराठी नाव तेच मेनूतील नाव होते. ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये ठेवलेली कोरी फाइल ‘न्यू डॉक्युमेंट’च्या यादीत येते.

मला मुख्यतः सुचवायचे आहे ते दोन्हीकडे चालणारे आहे. ‘टेसरॅक्ट’ हे चित्रातील मजकूर ओळखणारे मुक्तस्रोत साधन मराठी वाचू शकते. तिची भाषेची फाइल वेगळी बसवावी लागते आणि आज्ञेत भाषा म्हणून एम-ए-आर ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावी लागतात. ते थेट अशी पीडीएफ देते जिच्यात पानाचे चित्र दिसते पण मजकूर शोधता येतो. तुमच्या पीडीएफच्या ओळीखाली ‘शोधता येणारी पीडीएफ करा’ अशी दुसरी ओळ केलीत तर वाचकाला लेखकाचे नाव टाकून अंक शोधता येईल, आणि माझ्या मते एवढ्या कष्टांचे चीज त्यातच आहे. स्कॅन ३०० डीपीआयचा असावा. खिळ्यांच्या छपाईतील झिजलेली जोडाक्षरे ते पुष्कळदा चुकीची वाचते, म्हणून तो मजकूर शोधण्यासाठी वापरावा, उद्धृत करण्यासाठी नाही. याला वेळ लागतो. १६० पानांचे फोल्डर निघताना लावून जावे आणि सकाळी पाहावे.


वाचनालयसेविका

सर्वांना पुन्हा नमस्कार. आठ दिवस करून पाहिले, म्हणून कळवते.

जुना मेनू परत आणला नाही; सदस्यांना नोंदवाचक यांचे उत्तर वाचून दाखवले आणि त्यांनाही ते पटले. आता आमच्या मेनूत वर न्यू प्लस, पॉवररीनेम आणि इमेज रीसायझर आहेत, सेंड टूमध्ये ‘१ हार्ड डिस्कवर प्रत ठेवा’ ही एकच ओळ उरली आहे आणि शिफ्ट धरल्यावर फोल्डरवर ‘या अंकाची पीडीएफ करा’ असे मराठीत येते. ज्या मुलाची पहिली फाइल बिघडली होती त्यानेच ही ओळ यूटीएफ-१६मध्ये साठवून घातली. मेनूत अक्षरे नीट दिसल्यावर तो फार आनंदला आणि त्याने इतर मुलांना बोलावून दाखवले.

स्कॅननंतरच्या कामाला आता सुमारे ३५ मिनिटे लागतात. वेळेपेक्षाही मला समाधान याचे आहे की फोल्डरचा साचा ठरलेला असल्यामुळे या आठ दिवसांत एकही पान चुकीच्या ठिकाणी गेले नाही. एकदा मात्र पॉवररीनेममध्ये मुखपृष्ठ मोजणीत धरायचे राहून गेले आणि सगळे क्रमांक एकाने सरकले, तेव्हा कंट्रोल-झेडने सावरले. आता मुखपृष्ठाला आधीच ००० क्रमांक देते.

टेसरॅक्ट काल रात्री एका अंकावर लावून गेले होते. आज सकाळी एका वाचकांनी त्यांच्या आजोबांची कविता आमच्या संग्रहात आहे का असे विचारले. पूर्ण नावाने काही मिळाले नाही, पण केवळ आडनाव टाकल्यावर पान ११२ उघडले. नावातील जोडाक्षर चुकीचे वाचले गेले होते. त्या पानाची छापील प्रत त्यांना दिली. उरलेल्या अंकांसाठीही ही दुसरी ओळ मेनूत घालते आहे. बॅच फाइल लिहिताना अडले तर येथेच विचारीन.